दारातला एक प्रश्न

ताई कुठल्याही घरी गेली की आधी पाणी मागायची. तहान असो वा नसो. "घोटभर पाणी दे गं बाई," म्हणत ओट्यावर टेकायची, खांद्यावरची पिशवी उतरवायची आणि घरातली सून आत वळली की तिच्याकडे बघत राहायची. उठताना तिने जमिनीला हात टेकला का, चार पावलांत धाप लागली का, तांब्या पुढे करताना बोटं सुजलेली दिसतात का, नखं पांढरीफटक पडलीत का, पाणी देण्याआधी ती सासूच्या तोंडाकडे बघते का. तांब्या तोंडाला लावेपर्यंत ताईचं निम्मं तपासून झालेलं असायचं. मग पाणी पिऊन झाल्यावर, उठता उठता, सहज आठवल्यासारखा एक प्रश्न यायचा. "रात्रीचं डोकं दुखतं का गं तुझं?" किंवा "बाळ फिरतंय ना नीट?"

कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे आणि तिच्यामागून वाड्यावस्त्या फिरायचे. भाताचा मुलूख. आवण चालू असली की बांधाबांधाने जायचं, चपला हातात घ्यायच्या, छत्रीचा उपयोग डोकं झाकण्यापेक्षा तोल सावरायलाच जास्त. मला आधी कळायचं नाही की हिला दर घरी तहान कशी लागते. एकदा परतीच्या वाटेवर तिने सांगितलं, "तुला काय होतंय असं विचारलं तर बाई 'काही नाही' म्हणते. सासू बसलेली असते ना शेजारी. पण उठून चालायला लागली की लपवता येत नाही." ठाकरवाडीत एका म्हातारीने बिचकत विचारलं होतं, "आमच्या घरचं चालंल का तुम्हाला, बाई?" ताईने उत्तर दिलं नाही, नुसता हात पुढे केला. म्हातारीने तांब्या घासून, पुन्हा विसळून, पदराने पुसून आणला. त्या वाडीतल्या बायका पुढे बाळंतपणाला न लाजता ताईकडे येऊ लागल्या. त्याचं श्रेय मी आजही त्या तांब्याला देते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आरोग्यसेविका. गावात सगळे तिला सिस्टर म्हणतात, जुनी माणसं नर्सबाई. तिचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांची इमारत आणि मागे तिचं क्वार्टर. दर्शनी भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक रंगवलेलं, आत बाळंतपणाचं टेबल, वजनकाटा, लोखंडी कपाट. सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक, असा सरकारी निकष आहे. तीन हजार हा आकडा बसल्या जागी फार वाटत नाही. पण हे तीन हजार लोक एका गावात नसतात. एक वाडी ओढ्यापलीकडे, एक खिंडीच्या वर, एक पाऊस लागला की चार दिवस तुटणारी. भातकाढणी झाली की निम्मी घरं कुलपात जातात. माणसं नारायणगावाकडे मळ्यांवर, नाशिककडे द्राक्षांना, कुठे वीटभट्टीवर जातात आणि त्यांच्या कडेवरच्या पोराचा पुढचा डोस वाटेत कुठेतरी चुकतो. उलट माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी यादीत नसतानाही तिच्या भरवशावर येतात. ज्यांची नोंद आहे ते गावात नाहीत, जे गावात आहेत त्यांची नोंद नाही. या दोन्हींच्या मधे ती चालत असते.

या नोकरीचा उगम शोधत मी एकदा भोर समितीपर्यंत गेले. सर जोसेफ भोर आपल्याच भागातले, नाशिकचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या समितीचा अहवाल १९४६ चा. स्वातंत्र्य अजून हातात आलेलं नव्हतं, आणि तरी त्या अहवालाने खेड्यातल्या माणसाला पैशावाचून औषधपाणी नाकारलं जाऊ नये असं निक्षून सांगितलं होतं. पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं होतं आणि त्यात दोन डॉक्टरांबरोबर चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि चार सुईणी धरल्या होत्या. म्हणजे घरोघर फिरणारी वेगळी आणि बाळंतपणाला रात्र जागवणारी वेगळी. रात्रभर जागलेल्या बाईने सकाळी पुन्हा चार कोस चालू नये एवढी साधी समज त्या मांडणीत मला दिसली. १९५२ पासून अशी केंद्रं प्रत्यक्षात उघडू लागली, अर्थात कागदावर होती त्यापेक्षा कितीतरी कमी माणसं घेऊन.

मग १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीचा अहवाल आला. तोवर देवीची लस टोचणारा वेगळा, हिवतापाचं रक्त घेणारा वेगळा, कुटुंबनियोजनवाला वेगळा, असा कारभार होता. एकाच दारावर पाच जण पाच कामांसाठी थाप मारायचे. समिती म्हणाली, त्यापेक्षा त्या घराला ओळखणारं एकच माणूस असू दे, त्यालाच सगळं शिकवू. विचार चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. ताईचा पाण्याचा तांब्या हे त्याच विचाराचं फळ आहे. पण पुढच्या पन्नास वर्षांत झालं असं की माणसं एक केली गेली आणि कागद वेगळेच राहिले. प्रत्येक योजना आपलं रजिस्टर घेऊन आली. पुढे प्रत्येक योजना आपलं ॲप घेऊन आली. गरोदर मातांची नोंद एकीकडे, लसीकरण यू-विनवर, क्षयाचे रुग्ण निक्षयवर, रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी आणखी कुठेतरी. आणि ॲप आलं म्हणून रजिस्टर गेलं असं ताईच्या उपकेंद्रात कधी झालं नाही. पाहणीला येणारा साहेब अजूनही आधी रजिस्टरच उघडतो.

लसीकरणाचा दिवस जवळून बघितला की कामातलं काम आणि कामाभोवतीचं काम यांच्यातला फरक कळतो. अंगणवाडीच्या पडवीत सतरंजी, एका बाजूला निळी पेटी. पेटीतले बर्फाचे पॅक सकाळी केंद्रावर फ्रीजरमधून काढले की लगेच भरत नाहीत. बाहेर ठेवून थोडे विरघळू देतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच ते पेटीत जातात. कारण काही लसी उष्णतेने बिघडतात तशा काही गोठल्या तरी वाया जातात. दोन ते आठ अंश सेल्सिअस, या पट्टीत त्यांना सांभाळायचं. गोवराची बाटली फोडली की तिच्यावर वेळ लिहायची. चार तासांनी उरलेली टाकायची, मग बाहेर किती पोरं थांबलीत हे बघायचं नाही. दीड महिन्याचं बाळ आलं की आधी तोंडाने द्यायचे थेंब, मग दंडावर अगदी वरच्या कातडीत पोलिओची बारीक सुई, मग डाव्या मांडीत एक, उजव्या मांडीत एक. आईला घट्ट धरायला सांगायचं, तिचंच तोंड रडवेलं झालेलं असतं, तिच्याशी बोलत राहायचं. ताप येईल, घाबरू नको, अंगावर पाजत राहा, अर्धा तास इथेच बस. ताईचा हात तेव्हा इतका हलका चालतो की पोर रडायला लागेपर्यंत सुई बाहेर आलेली असते. हे करताना ती दमलेली मी कधी पाहिली नाही. पोरं संपली, पडवी रिकामी झाली आणि तिने पाठ भिंतीला टेकून मोबाइल काढला की मात्र तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझायचं.

रेंज क्वार्टरमध्ये नाही. पाण्याच्या टाकीजवळ थोडी येते. रात्री जेवणं झाली की ताई टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसते आणि दिवसाची माणसं एकेक करून मोबाइलमध्ये भरते. नाव, नवऱ्याचं नाव, आधार, मोबाइल नंबर, शेवटची पाळी. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं. भरलेलं पान उडालं की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा शेजारी बॅटरी धरून बसले होते. सगळ्या रकान्यांमध्ये "ही सासूसमोर बोलत नाही" असं लिहायची जागा कुठेच नव्हती. "नवरा भट्टीवर गेलाय, पैसे पाठवत नाही, हिचं खाणं कमी झालंय" हेही कुठे बसत नव्हतं. ताईला माहीत असलेलं सगळ्यात मोलाचं जे होतं, ते त्या मोबाइलला नकोच होतं.

आणि मधे रात्र. रात्र कुणाची असते हे उपकेंद्रात राहिल्याशिवाय समजत नाही. दारावर थाप पडली की ताई "आले" म्हणते आणि मग जागी होते, त्या क्रमाने. बाळंतपण, विंचू, पोराला हगवण, कुणाची भाजलेली सून. तिच्या स्वतःच्या मुलीला तिने पाचवीनंतर आमच्याकडे शिकायला ठेवलं. एक तर गावात पुढची शाळा नव्हती, आणि दुसरं कारण ताई बोलून दाखवायची नाही: रात्री आईला नेलं की पोरगी एकटी जागी राहायची. आरोग्यसेविकांची किती मुलं अशी मावशीकडे, आजीकडे वाढली असतील. त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

तरी एवढ्याने माणूस मोडत नाही असं मला वाटतं. पल्स पोलिओच्या दिवसांत ताई यापेक्षा जास्त राबली आहे. ती मोहीम आपल्याकडे १९९५ ला सुरू झाली. नोकरीला लागल्यापासून ताई तिच्यात होती. घरं पालथी घालायची, दारावर खडूने खूण करायची, राहिलेल्या घरी पुन्हा जायचं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी ताईने मला फोन करून सांगितलं, "आपण संपवला गं." तिच्या त्या "आपण" मध्ये ती होती, तिच्या आशाताई होत्या, दार उघडून पोराला पुढे करणाऱ्या बायका होत्या. पाय दुखले होते, पण कामाचं फळ डोळ्यांना दिसत होतं. अशा थकव्याला झोप पुरते.

झोपेने न जाणारा थकवा तिला लागला तो एका पावसाळ्यात. माहेरी आठ दिवसांपूर्वी आलेली एक पहिलटकरीण, नोंद सासरच्या उपकेंद्रात. माहेरच्यांनी ती आल्याचं कळवलं नव्हतं. रात्री झटके यायला लागले तेव्हा तिला खाटेवर घालून आणलं. ताईने रक्तदाब बघितला, झटक्यांवरचं पहिलं इंजेक्शन द्यायचं असतं ते दोन्ही बाजूंना दिलं, कुशीवर वळवलं, गाडीला फोन लावला. घाटात झाड पडलं होतं. गाडी पोचली तेव्हा उजाडत होतं. ती मुलगी वाटेत गेली, बाळही गेलं.

मातामृत्यू झाला की त्याची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. मृत्यू कशाने झाला, कुठे उशीर झाला, पुढची बाई कशी वाचेल हे शोधायला ती असते. पण त्या मुलीच्या चौकशीच्या बैठकीत ताईला विचारलं गेलं ते एवढंच, की तुमच्या क्षेत्रात ही बाई आठ दिवस होती, मग तुमच्या रजिस्टरला का नाही? घाटाबद्दल कुणी विचारलं नाही. झाडाबद्दल नाही. खाटेवरून उतरवताना त्या मुलीने ताईचा हात धरला होता, तो सुटला तेव्हा काय झालं, हे तर कुणीच नाही. घरी आल्यावर ताईने साडीही न बदलता माझ्यासमोर बसून त्या महिन्याच्या सगळ्या नोंदी तपासल्या. एकही रकाना रिकामा नव्हता. "बघ," ती म्हणाली, "माझं दप्तर पूर्ण आहे." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ताई दप्तराबद्दल कधीच बोलायची नाही, माणसांबद्दल बोलायची.

त्यानंतर ती घराच्या दारात रजिस्टर उघडूनच उभी राहू लागली. आधी लिहायचं, मग बघायचं. काही घडलं तर आपल्याला वाचवणारी वस्तू तीच, हे तिने त्या बैठकीत शिकून घेतलं होतं. आणि पुढच्या सुट्टीत मी तिच्यासोबत फिरले तेव्हा लक्षात आलं की तिने कुणाकडेही पाणी मागितलं नाही. ओट्यावर टेकली नाही. "गोळ्या खातेस ना? तारीख सांग. कार्ड दे." सून उभीच, ताई उभीच. पाच मिनिटांत घर संपलं. वाटेत मी विचारलं तर म्हणाली, "वेळ जातो गं त्यात." त्या वर्षी तिच्या उपकेंद्राचा अहवाल तालुक्याच्या बैठकीत वाखाणला गेला.

कामाने माणूस आतून रिता होतो या गोष्टीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपणं, समोरच्या माणसांपासून मनाने दूर जाणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. मी ती वाचली तेव्हा मला ताईच दिसली. पहिलं तर तिच्या पायांत दिसत होतं. दुसरं मला तिच्या मुलीने सांगितलं, अगदी सहज. "मावशी, आई हल्ली माझा फोन उचलला तरी 'बोला' म्हणते." पेशंटच्या नातेवाइकाला म्हणावं तसं, सपाट. तिसरं सगळ्यात उशिरा कळलं. पोलिओ संपल्याचा फोन करणारी माझी बहीण एकदा म्हणाली की मी नसते तरी एवढीच पोरं जगली असती, एवढीच मेली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. तिने याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मग औषधाची जागाही बदलते. ताईच्या कार्यालयाने एकदा ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं होतं, रविवारी. दीर्घ श्वास शिकवले, डोळे मिटून बसवलं. शिकवणारी बाई मनापासून शिकवत होती, आणि श्वासाने कुणाचं वाईट होत नाही. पण ताईचा आठवड्यातला कपडे धुवायचा, मुलीशी बोलायचा एकच दिवस त्यात गेला आणि सोमवारी रजिस्टरं होती तेवढीच होती. जागा भरायची सोडून माणसाला सहनशील बनवत राहणं हा अन्याय आहे. मी हे सौम्य शब्दांत लिहू शकत नाही.

आपल्याकडे या कामाकडे बघायची एक जुनी रीत आहे. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदनाचं काम उभं केलं आणि विधवांना, परित्यक्तांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्री बाहेर राहायचं, हे कुलीन बाईचं काम कसं असेल? त्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे नाकं मुरडणं बंद झालं आणि त्या जागी हार आले. दर १२ मे ला परिचारिका दिनाचे गुलाब येतात, भाषणात त्याग येतो, ममता येते. आधी हे काम हलकं मानलं, नंतर ते पवित्र मानलं. या दोन्हींत त्याला तास असतात, रजा असते, दुसऱ्या पाळीचं माणूस लागतं, हे मानायचं तेवढं राहून गेलं. करोनात लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि त्याच वर्षी "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या तपासणीला निघालेल्या ताईला एका वस्तीने वेशीवरच अडवलं. ती दगडावर बसून राहिली. दुपारी एक पोरगी लपतछपत आली आणि म्हणाली, "सिस्टर, आजीला ताप आहे."

या सगळ्यात मला जामखेडची आठवण होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि ज्या बायकांना गावात कुणी मोजत नव्हतं, अशा अक्षरओळख नसलेल्या, दलित, टाकलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं. त्या कामाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट लहान आहे. त्या बायका नियमाने जामखेडला एकत्र जमायच्या, मुक्काम करायच्या. नवं शिकायच्या ते होतंच, पण त्याबरोबर गावात काय झालं, कुठलं मूल गेलं, कुणी हाकलून दिलं, हे एकमेकींना सांगायच्या. म्हणजे ऐकणारं कुणीतरी होतं. ताईच्या मासिक बैठकीत चहा असतो, खुर्ची असते, आकडे वाचले जातात. उद्दिष्ट किती, साध्य किती, टक्केवारी किती. ज्या बैठकीत ताईने हरलेल्या रात्रीबद्दल बोलावं आणि तिच्याच पदावरच्या दुसऱ्या बाईने "माझ्याकडेही असंच झालं होतं" म्हणावं, अशी एक बैठक तिच्या सगळ्या नोकरीत झालेली नाही. तशी एखादी असती तर काय वेगळं झालं असतं हे मला सांगता येणार नाही. पण तांब्या इतक्या लवकर सुटला नसता.

मध्यंतरी उपकेंद्राला दुसरी सिस्टर मिळाली. आरोग्य अभियानातली, कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर असलेली, लहानखुरी मुलगी. दोघींनी आपसांत ठरवून टाकलं: एकीने बसून नोंदी करायच्या तेव्हा दुसरीने फिरायचं, रात्र आलटूनपालटून. कुणी आदेश काढला नव्हता. काही आठवड्यांनी ताईचा फोन आला, कामाचं काही नव्हतं. वरच्या वाडीत एक नवी सून आली आहे, बारावी शिकलेली, गाईला घाबरते, सासरा तिच्यासाठी पेपर आणतो. हे ती मला अर्धा तास सांगत होती. मी "बरं, मग?" म्हणत राहिले. ती सून गरोदरही नव्हती. कुठल्या रकान्यात तिचं नाव जाणार नव्हतं. माझ्या ताईला पुन्हा माणसं दिसायला लागली होती, आणि त्यासाठी लागलं होतं एवढंच: आणखी एक माणूस.

ती मुलगी पुढे तिच्या घराजवळच्या जिल्ह्यात जागा मिळाली तशी गेली. तिला दोष देण्यासारखं काही नाही, अकरा महिन्यांच्या कागदावर कुणी घर बांधत नाही. तिची जागा तेव्हापासून रिकामी आहे. ताई निवृत्तीला आली आहे. ती गेल्यावर तिची जागा केव्हा भरेल हे तालुक्यात कुणी छातीठोक सांगत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचं एक गाव असेल, तिथे घर नाहीतर निदान मतदान असेल. गावी गेलात की उपकेंद्रात जा. सिस्टरला गुलाब देऊ नका, सत्कार करू नका, शालही नको. तिला विचारा की इथे दुसऱ्या आरोग्यसेविकेची जागा मंजूर आहे का, असली तर किती दिवस रिकामी आहे. क्वार्टरला पाणी येतं का, रात्री बाळंतपण आलं तर सोबतीला कोण असतं, एकच नोंद किती ठिकाणी करावी लागते. आणि तिने सांगितलेलं सगळं तिचं नाव न घेता ग्रामसभेत मांडा. आरोग्यासाठी ग्रामपंचायतीची समिती असते, तिच्या इतिवृत्तात ते लिहून घ्यायला लावा. उत्तर तोंडी मिळालं तर परत विचारा, आणि लेखी मागा.